आभाराचे कार्ड आणि हरकतीची वही : कारखान्यातील एका कृतज्ञता-उपक्रमाचे परीक्षण

गेल्या वर्षी पावसाळा सुरू होता होता आमच्या कारखान्याने पुण्यातील एका सल्लागार संस्थेचा सहा महिन्यांचा उपक्रम विकत घेतला. ‘कृतज्ञतेतून विचारांची विविधता’ असे त्याच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलेले होते. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण असे उपक्रम आता अनेक जण विकतात, त्यांची माहितीपत्रकेही एकमेकांसारखीच असतात, आणि घेणाऱ्याने त्यांत काय पारखून घ्यावे एवढेच मला सांगायचे आहे. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी मनुष्यबळ विभागाचे काम पाहते, त्यामुळे करारावर सही होण्यापासून शेवटच्या आढावा बैठकीपर्यंत सारे काही माझ्या डोळ्यांसमोर घडले.

दिलेल्या पैशांत आम्हाला चार गोष्टी मिळणार होत्या: सुपरवायझर आणि विभागप्रमुखांसाठी एक दिवसाची कार्यशाळा, छापील आभारपत्रांचे गठ्ठे, मोबाइलवरचे एक अ‍ॅप आणि दर महिन्याला प्रशिक्षकाची एक भेट. पाचवी गोष्ट माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात होती, ती म्हणजे ‘हरकत नोंदवही’. करार करताना तिच्याकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते. आज मला विचाराल, तर आमचे जे काही पैसे वसूल झाले ते त्या वहीने आणि तिच्या जोडीच्या कार्डाने वसूल झाले, आणि उरलेले बहुतेक अ‍ॅपमध्ये बुडाले, असे मी सांगेन.

मुळात असा उपक्रम घ्यावासा का वाटला, तेही सांगितले पाहिजे. आमच्याकडे सोमवारी सकाळी साडेनऊला उत्पादन बैठक होते. प्लांट हेड बोलतात, विभागप्रमुख लिहून घेतात, ‘‘कोणाला काही म्हणायचंय?’’ असे विचारले जाते आणि त्याचे उत्तर म्हणून खुर्च्या सरकवल्याचा आवाज होतो. खरी बैठक त्यानंतर गेटबाहेरच्या टपरीवर भरते, आणि तिथे मात्र ठरलेल्या गोष्टीत नेमकी कुठे खोट आहे, हे चहाचा ग्लास हातात असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ग्राहकाकडून माल परत आला की आम्ही कारणे शोधायला बसतो, आणि जवळजवळ दर वेळी असे निघते की लाइनवरच्या कोणाला तरी ते आधीच कळले होते. त्याने सांगितले नव्हते, किंवा एकदा सांगून पाहिले होते आणि पुन्हा त्या भानगडीत पडला नव्हता. सूचना पेटी होती. तिची किल्ली ऑडिटच्या आदल्या दिवशी शोधली जाई.

कार्यशाळेचा पूर्वार्ध मला मुळीच आवडला नाही. डोळे मिटायला सांगून, स्पीकरवर बासरी लावून, ज्यांचे आपल्यावर उपकार आहेत अशा व्यक्तींना आठवायला लावले गेले. आमचे वेल्डिंगचे सुपरवायझर रात्रपाळी करून थेट आले होते, ते खरोखरच झोपले. नंतर शेजारी बसलेल्याकडे वळून त्याचे आभार मानायचे होते, आणि तिथे सगळी खोली अवघडली. आपल्याकडे जवळच्या माणसाचे आभार मानणे म्हणजे त्याला परके करणे, ‘‘आभार कसले मानता’’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर, आणि समारंभातले आभारप्रदर्शन म्हणजे तर मंडळींनी चपला शोधायची वेळ. खंडेनवमीला प्रेसला झेंडूची माळ घालून, कुंकू लावून तिचे ऋण मानताना आमच्या कोणाचाही हात अडखळत नाही. पण त्याच प्रेसवर वीस वर्षे उभ्या असलेल्या माणसाला समोरासमोर ‘धन्यवाद’ म्हणताना शब्द घशात अडकतो. प्रशिक्षकाने यावर दहा मिनिटे जरी बोलायचे मनावर घेतले असते, तरी सकाळचे चीज झाले असते. बासरी मात्र चांगली वाजवली होती, कोणी वाजवली होती कोण जाणे.

जेवणानंतर तोच प्रशिक्षक वेगळा माणूस वाटला. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत केलेले प्रयोग त्याने फळ्यावर रेघा ओढून समजावले. एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते विचारायचे. उत्तर लहान मुलालाही दिसावे इतके उघड असते. पण खोलीतील एक सोडून बाकीचे सगळे आधीच सामील असतात आणि ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर देतात. अशा फेऱ्यांमध्ये सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताच्या चुकीकडे झुकली, आणि चारांतली तीन माणसे निदान एकदा तरी इतरांच्या मागे गेली. मात्र खोलीत खरे उत्तर देणारा एक जरी जोडीदार ठेवला, की हे झुकणे झपाट्याने घटत होते. हे ऐकताना आमच्या प्लांट हेडनी त्या दिवसात पहिल्यांदाच वहीत काही लिहिले. पहिला वेगळा आवाज इतका मोलाचा असेल, तर त्या आवाजाला सर्वांदेखत ‘‘बरं झालं बोललात’’ असे म्हणणे हे निव्वळ सौजन्य राहत नाही, दुसऱ्याने तोंड उघडावे यासाठीची ती सोय असते, असे प्रशिक्षकाचे म्हणणे होते आणि मला ते पटले.

टोयोटाचे उदाहरण मात्र त्याने अर्ध्यातच सोडले. लाइनवर दोष दिसला की कामगार दोरी ओढतो आणि टीम लीडर येऊन आधी त्याचे आभार मानतो, इथे गोष्ट थांबवून त्याने टाळ्या घेतल्या. प्रत्यक्षात दोरी ओढल्यावर अँडन फलकावर, म्हणजे अडचण कुठे आहे ते दाखवणाऱ्या दिव्यांच्या फलकावर, त्या जागेचा दिवा लागतो, टीम लीडर तिथे पोहोचतो, आणि गाडी त्या जागेची ठरलेली हद्द ओलांडेपर्यंत अडचण सुटली नाही, तर लाइन थांबते. आभाराच्या त्या दोन शब्दांमागे लाइन खरोखरच थांबू देण्याची तयारी उभी असते, आणि टीम लीडरच्या हाताखाली मोजकीच माणसे असल्यामुळे त्याला लगेच येता येते. आमच्या सुपरवायझरच्या अंगावर एका पाळीत चाळीस माणसे असतात. शिवाय टोयोटाची कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ पासूनची आहे आणि तिचे मूळ एइजी टोयोडा यांनी अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात पाहिलेल्या पद्धतीत आहे. सत्तर वर्षांहून अधिक काळ मुरलेली गोष्ट सहा महिन्यांत जमेल असे सुचवणे हा विक्रेत्याचा उत्साह झाला.

आता कार्डांबद्दल. पहिल्या महिन्यात आलेले कार्ड पोस्टकार्डाएवढे, पिवळे आणि जाड होते. वर जोडलेल्या हातांचे चित्र आणि खाली ‘आपल्या........ बद्दल मनःपूर्वक धन्यवाद’. त्या रिकाम्या जागेत काय भरले गेले असेल, ते कारखान्यात काम केलेला कोणीही ओळखेल. एकामागून एक कार्डावर ‘सहकार्या’ असा शब्द पडला. ओव्हरटाइमला नाही न म्हणणाऱ्यांना सहकार्याबद्दल, बैठकीत साहेबांची री ओढणाऱ्यांना सहकार्याबद्दल, आणि एका स्टोअरकीपरला, आपण नेमके कशात सहकार्य केले हे त्यालाही न कळलेल्या सहकार्याबद्दल. महिनाअखेरीस ती कार्डे कॅन्टीनच्या फलकावर लागली, तेव्हा मेंटेनन्समधले जुने मामा शांतपणे सगळी वाचून मला म्हणाले, ‘‘मॅडम, ह्यो तर होयबांचा सत्कार झाला.’’ ते वाक्य मी आढावा अहवालात जसेच्या तसे घातले.

या उपक्रमांची परीक्षा इथेच होते, असे माझे मत झाले आहे. ज्या गोष्टीबद्दल माणसाचे आभार मानले जातात ती गोष्ट तो पुन्हा करतो, आणि बघणारे दहा जणही करू लागतात. मान डोलावल्याबद्दल आभार मानले तर आणखी माना डोलतील, आणि वर त्या डोलण्याला संस्कृतीचे नाव मिळेल. म्हणजे कृतज्ञतेने विचारांची विविधता वाढेल की उरलीसुरलीही संपेल, हे आभार कशाचे मानले जातात यावर अवलंबून असते, आणि संस्थेचे पहिले कार्ड त्याबाबतीत सरळसरळ घातक होते.

संस्थेच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे की हे दाखवून दिल्यावर प्रशिक्षकाने वाद घातला नाही. दुसऱ्या महिन्याच्या भेटीत त्याने कार्ड बदलून आणले, आणि बारीक टाइपातली ती नोंदवही पहिल्यांदा टेबलावर ठेवली. नव्या कार्डावर तीनच ओळी होत्या: तुम्ही काय म्हणालात, त्यावरून आम्ही काय तपासले, शेवटी काय ठरले. खाली सहीची जागा होती, आणि नियम असा की ज्याच्या प्रस्तावावर हरकत आली त्यानेच कार्ड स्वतःच्या हाताने लिहून सही करायची. हा नियम ऐकून आमच्या प्रॉडक्शन इंजिनिअरिंगच्या टेबलावर बरीच चुळबुळ झाली.

एक प्रकरण सांगते. वेल्ड होऊन आलेले ब्रॅकेट तपासणीसाठी ज्या क्रेटमध्ये येतात ती दुप्पट खोल करायची, म्हणजे ट्रॉलीच्या फेऱ्या निम्म्या होतील, असे ठरले होते. हिशेब बरोबर होता आणि बैठकीत सर्वांनी होकार दिला होता. फायनल इन्स्पेक्शनला बसणाऱ्या एका कंत्राटी ताईंनी सुपरवायझरला सांगितले की खोल क्रेटच्या तळातला नग काढायला दर वेळी कमरेत वाकावे लागते, पाळीच्या शेवटच्या दोन तासांत तळातले नग उलटून पाहिले जात नाहीत, वरूनच नजर फिरवून पुढे सरकवले जातात, आणि वेल्डचा दोष तर नेमका खालच्या अंगाला असतो. यात स्वतःच्याच कामातल्या ढिलाईची कबुली होती, हे लक्षात घेतले म्हणजे ते सांगायला काय लागले असेल याची कल्पना येते. एरवी याला ‘‘बघू’’ एवढे उत्तर मिळाले असते. यावेळी ते वहीत गेले, त्यामुळे एक आठवडा एका लाइनवर जुनी क्रेट आणि दुसरीवर खोल क्रेट ठेवून, तळाच्या थरातल्या नगांवर खूण करून ते पुन्हा तपासले गेले. तपासणीतून निसटलेले दोष खोल क्रेटच्या तळाशी जास्त निघाले. शेवटी क्रेट उथळच ठेवली आणि तिच्याखाली कमरेच्या उंचीचा स्टँड आला. ट्रॉलीच्या फेऱ्या काही वाचल्या नाहीत. कार्डावर इंजिनिअरने लिहिले होते: ‘तळातले नग नीट पाहिले जात नाहीत असे तुम्ही म्हणालात. आठवडाभर दोन्ही क्रेट लावून तपासले, तसेच निघाले. खोल क्रेट रद्द. हे माझ्या हिशेबात नव्हते.’ कार्ड हातात घेतल्यावर ताईंनी पहिला प्रश्न विचारला तो सही कोणाची आहे हा. सही त्याच साहेबांची आहे हे कळल्यावर त्यांनी ते घडी न घालता डब्याच्या पिशवीत, डब्याच्या मागे उभे ठेवले.

दुसरे प्रकरण याहून मोलाचे, कारण त्यात हरकत चुकीची निघाली. नव्या सेन्सरवर कूलंटचे तुषार बसून मशीन विनाकारण ट्रिप होईल, म्हणजे आपोआप बंद पडेल, असे मेंटेनन्सच्या एका इलेक्ट्रिशियनचे म्हणणे होते. पंधरा दिवस मशीन चालवून पाहिले, एकदाही ट्रिप झाले नाही, सेन्सर कायम झाला. तरीही त्याला कार्ड मिळाले, आणि त्यावर साफ लिहिले होते की तुमची शंका खरी ठरली नाही, पण ती आली नसती तर ही पंधरा दिवसांची चाचणी आम्ही घेतली नसती. मित्रांनी त्याची भरपूर थट्टा केली. पुढच्या महिन्यात वहीत त्याची नोंद पुन्हा आली. ती पंख्याबद्दल होती आणि अगदी किरकोळ होती, पण आली. टाटा समूहाच्या ‘इनोव्हिस्टा’ स्पर्धेत प्रामाणिकपणे करून फसलेल्या प्रयत्नांसाठी ‘डेअर टू ट्राय’ असा वेगळा पुरस्कार आहे. आमचे हे पिवळे कार्ड त्याच जातीचे, फक्त मंचाशिवाय.

तिसऱ्या महिन्यात नोंदी एकदम वाढल्या आणि वरच्या मजल्यावर धास्ती पसरली. पूर्वी सगळे शांत होते, या उपक्रमाने वातावरण बिघडवले, असा सूर निघाला. इथे प्रशिक्षकाने आपले मानधन खऱ्या अर्थाने कमावले. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत औषध देण्यातल्या चुका कमी असतील ही त्यांची अपेक्षा होती आणि आकडे नेमके उलटे आले. त्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, तिथे त्या लपवल्या जात नव्हत्या, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला, आणि पुढे १९९९ च्या निबंधात गटातील ‘मानसिक सुरक्षितता’, म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवली तरी ती आपल्यावर उलटणार नाही हा गटातला भरवसा, ही कल्पना मांडली. हे त्याने प्लांट हेडसमोर, आमचीच वही उघडी ठेवून सांगितले. वही बंद करण्याचा विचार त्या दिवशी मागे पडला.

अ‍ॅपबद्दल मात्र चांगले बोलावे असे फारसे काही सापडत नाही. त्यात प्रत्येक आभाराला गुण मिळत आणि महिन्याची क्रमवारी लागे. परिणाम असा की आभारांचा ओघ खालून वर वाहू लागला आणि विभागप्रमुख पहिल्या दहांत जाऊन बसले. दोन मित्रांनी रोज सकाळी एकमेकांचे आभार मानून गुण जमवण्याचा रतीब घातला होता, तो उघडकीस यायला दोन महिने लागले. याहून मोठा दोष असा की लॉगिनसाठी कर्मचारी क्रमांक लागतो आणि तो फक्त कायम कामगारांना असतो. ज्यांचा दृष्टिकोन आमच्यापेक्षा सर्वांत वेगळा, म्हणजे कंत्राटी ताई, ओडिशा आणि बिहारमधून आलेले तरुण, आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या कारखान्यात असेच काम करून आलेले ऑपरेटर, ते सगळे विचारांच्या विविधतेच्या या अ‍ॅपबाहेरच राहिले. क्रेटवाल्या ताईंचे आभार मानायची सोय त्यात नव्हतीच. आणि मराठी? ‘तुमच्या असहमतीला साजरे करा’ असे एक बटण होते. त्यावर कोणी बोट ठेवल्याचे मी तरी पाहिले नाही.

अ‍ॅपमध्ये आणखी एक सोय होती, दर बैठकीला एकाने पाळीपाळीने विरोधकाची भूमिका घ्यायची. ऐकायला ती आकर्षक वाटते, पण शार्लन नेमेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, नेमून दिलेल्या विरोधकापेक्षा मनापासून वेगळे मत असलेला माणूस गटाला जास्त नव्या दिशांनी विचार करायला लावतो, असे दिसले होते. आमच्याकडे त्याची प्रचीती लगेच आली. स्टोअरकीपरची पाळी आली, त्या दिवशी त्यांनी कर्तव्य म्हणून दिवाळीच्या मिठाईच्या डब्याला विरोध केला आणि सगळे मनमुराद हसले. त्याच बैठकीत रात्रपाळीचे वेळापत्रक एका आक्षेपाविना मंजूर झाले.

आमच्या जुन्या कामगारांना यातले फारसे नवे वाटले नाही. भारतात क्वालिटी सर्कलची, म्हणजे कामगारांनी छोट्या गटांत बसून कामातल्या अडचणी सोडवण्याच्या पद्धतीची, सुरुवात १९८० मध्ये भेल या सरकारी कंपनीच्या हैदराबादच्या कारखान्यात झाली आणि नंतर ती लाट पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातही येऊन गेली. मामांनी ती आधीच्या कारखान्यात पाहिली होती. त्यांच्या आठवणीत राहिल्या त्या टोप्या, तक्ते आणि स्पर्धेची ढाल. सादरीकरण अडचणीपेक्षा मोठे झाले की माणसे अडचणी सादरीकरणाला शोभतील अशाच निवडू लागतात, असे काहीसे ते त्यांच्या भाषेत म्हणाले. कार्डे फलकावर लावणे आम्ही त्यानंतर बंद केले; आभार बैठकीत सर्वांसमोर वाचायचे आणि कार्ड ज्याचे त्याने घरी न्यायचे.

तेव्हा असा उपक्रम घ्यायचा विचार असलेल्यांनी विक्रेत्याला तीन गोष्टी आधी विचाराव्यात: कार्डावर कशाबद्दलचे आभार छापले आहेत, कंत्राटी माणसाला ते कार्ड मिळू शकते का, आणि हरकत घेतल्यानंतर ती तपासायला वेळ कोण देणार. शेवटचा प्रश्न खरे तर विक्रेत्यासाठी नाही. आमच्याकडे प्रत्येक नोंदीला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचे ठरले होते आणि दोनदा ते हुकले. दोन्ही वेळा त्या विभागातून पुढचा महिनाभर एकही नोंद आली नाही. वेळेवर न आलेल्या उत्तराची भरपाई कार्डावरच्या गोड शब्दांनी होत नाही, हे मला त्या कोऱ्या पानांनी शिकवले.

दुसऱ्या वर्षाचे दरपत्रक आले आहे, आणि त्यात अ‍ॅप सक्तीचे केले आहे. अ‍ॅप वगळावे, प्रशिक्षकाच्या भेटी तीन महिन्यांतून एकदा ठेवाव्यात, आणि कार्ड हिंदी व ओडियातही द्यावे, असे आम्ही कळवले. अद्याप उत्तर नाही. तोवर चाकणमधल्याच एका छापखान्यातून कार्डे छापून घेतली आहेत. कागद थोडा पातळ आहे आणि बॉलपेनची शाई मागे उमटते, त्यामुळे पुढच्या खेपेला जाड कागद मागायचा आहे.